दारावरची म्हातारी

४ फेब्रुवारी

एवढं जाड पुस्तक! उशाला घ्यावं की वाचावं?

ग्रंथालयातल्या लांब्यानं दोन्ही हातांनी उचलून दिलं. त्याला मी लांब्या म्हणते – वरच्या फळीवरचं काढायला त्याला शिडी लागत नाही. म्हणाला, "आजी, जुन्या शिलेदारांच्या दंतकथा आहेत. पार मध्ययुगातल्या. नवी आवृत्ती. मोठा टाइप, टिपा, चित्रं, सगळं आहे." मी म्हटलं, "शिलेदार तरुण आहेत ना? म्हातारे आमच्या घरात पुरेसे आहेत." लाजला बिचारा. कानापर्यंत लाल.

थोरलीसाठी आणलंय. थोरली म्हणजे माझी जाऊ. दोन भावांच्या दोन बायका, दोघी विधवा, एक मजला, एक स्वयंपाकघर, दोन खोल्या आणि दिवसाला निदान एक भांडण. तिचा उजवा डोळा कधीचाच गेला. डाव्यावर आता मोतीबिंदू चढलाय. माणूस कळतो, चेहरा कळत नाही. दार कळतं, कडी कळत नाही. अक्षर तर गेलंच.

मी पेपर वाचून दाखवते. परवा म्हणाली, "हा कालचाच वाटतो गं." कालचाच होता! आजचा मी भाजी निवडायला पसरला होता. म्हणून म्हटलं, आता पुस्तक आणावं. पुस्तक शिळं होत नाही.

५ फेब्रुवारी

थोरली म्हणाली, "आधी प्रस्तावना."

थोरली जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासत होती. तिकडची रीत तिनं मला हजारदा सांगितलीय – एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, दुसरीनं छापलेल्या कच्च्या कागदावर नजर ठेवायची, चूक दिसली की समासात खूण. थोरली ती दुसरी. त्यामुळे तिला कुठलंही पुस्तक म्हणजे काम वाटतं. "संपादक कोण? कुठल्या पोथीवरून केलंय? टिपा खाली आहेत की मागे?"

मी म्हटलं, "जाऊबाई, जेवायला बसलं की ताट कुणी घडवलं ते विचारतं का कोणी?"

"मी विचारते," म्हणाली.

वाचली प्रस्तावना. चाळीस पानं! कुठल्या गोष्टीतलं पान गहाळ आहे त्याची यादीसुद्धा. वाचता वाचता मलाच झोप लागली. माझ्याच आवाजानं. तिनं हलवून उठवलं. "अगं धाकटे, तळटीप राहिली."

६ फेब्रुवारी

प्रस्तावना चालू.

७ फेब्रुवारी

संपली! देव पावला.

९ फेब्रुवारी

पहिली गोष्ट ओढ्यावरच्या शिलेदाराची. राजा मरताना त्याला म्हणतो, मी सांगेपर्यंत ओढा ओलांडायचा हा उतार राखायचा, कुणाला पलीकडे जाऊ द्यायचं नाही. हा शब्द देतो. राजा मरतो. आता सांगणार कोण? हा उभाच. पुढे खालच्या अंगाला पूल होतो, सगळं जग पुलावरून जातं. ओढ्याकडे कुत्रं फिरकत नाही. हा उभाच. चिलखत गंजतं.

मी म्हटलं, "अहो, कुणीतरी सांगा की त्याला पूल झालाय म्हणून!"

थोरली म्हणाली, "त्याला दिसत नसेल का पूल?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. रोज बघत असेल तो. लांबून बैलगाड्या जाताना दिसत असतील. तरी उभा.

गोष्ट सुरेख आहे, पण भाषा! आमची शाळा गावातली, सातवीपर्यंत, एका खोलीत चार वर्ग. मास्तर एका वर्गाला शिकवायचे, बाकीचे तीन वर्ग मास्तरांच्या नकला करायचे. मला 'शिरस्त्राण' कुठून येणार? मी 'लोखंडी टोपी' वाचते. 'अश्वारूढ होऊन' आलं की 'घोड्यावर टांग टाकून'. थोरलीनं भुवई उडवली. "असं छापलंय?"

"असंच छापलंय. नवी आवृत्ती आहे ना."

१० फेब्रुवारी

आज गंमत झाली. मी केली.

दुसऱ्या गोष्टीत एक शिलेदार दमून भागून एका गढीच्या दाराशी येतो. दार बंद. आणि तिथे संपादकानं खाली टीप दिलीय – 'येथे मूळ पोथीतील पान गहाळ आहे.' पुढच्या ओळीत शिलेदार आत! आंघोळ करून बसलेला! दार कोणी उघडलं?

थोरली कान देऊन बसलेली. तिला 'पान गहाळ' सांगायचं माझ्या जिवावर आलं. म्हणून मी सरळ वाचत राहिले – म्हणजे बोलत राहिले. दारावर एक म्हातारी होती. गढीतली सगळ्यात जुनी बाई. म्हणाली, "कोण रे तू?" शिलेदार म्हणाला, "मी तीन राक्षस मारून आलोय." म्हातारी म्हणाली, "ते असू दे. पाय धुतलेस का?"

थोरली हसली! नुसतं ओठातल्या ओठात नाही. खदाखदा. भावजी गेल्यापासून मी तिचे दात बघितले नव्हते. डोळ्यांतून पाणी आलं तिच्या. दिसत नसलेल्या डोळ्यातूनसुद्धा.

"चांगली आहे हो म्हातारी," म्हणाली. "जुन्या पोथ्यांत अशी माणसं सापडतात, बघ."

मी म्हटलं, "सापडतात खरी."

१२ फेब्रुवारी

म्हातारी रोज येते आता. ज्या गढीवर जावं त्या दारात ही बसलेली! शिलेदार काही म्हणाला की ही टोचणार. एकाला म्हणाली, "राजकन्येसाठी एवढं लढलास, तिला विचारलंस का?" दुसऱ्याला, "तलवारीला नाव ठेवलंस, घोड्याला चारा ठेवलास का?"

आज पकडली जाणार होते मात्र. मध्येच थोरली म्हणाली, "धाकटे, म्हातारी आली की तू पान उलटत नाहीस."

बाप रे! छापखान्याचा कान!

"मोठं पान आहे," म्हटलं.

"बाकीची पानं लहान आहेत का?"

आता म्हातारी बोलत असली की मी मध्येच एक पान उलटते आणि मग हळूच परत आणते. चोराला चौदा वाटा.

१५ फेब्रुवारी

चित्रं येतात मध्येमध्ये. डाव्या पानावर चित्र, उजवं पान कोरं, नावालासुद्धा अक्षर नाही. थोरलीला पटत नाही. "कोरं कशाला सोडायचं? पुस्तक फुगवायला!" तरी विचारते, "काय आहे चित्रात?"

आजच्या चित्रात एक बुटका घोडा आहे. इतका बुटका, की शिलेदाराचे पाय जमिनीला टेकतील. मी म्हटलं, "जाऊबाई, हा घोड्यावर बसलाय की घोडा याच्या खाली उभा राहिलाय तेच कळत नाही." तिनं पुस्तक मांडीवर घेतलं आणि त्या पानावरून हात फिरवला. कागद गुळगुळीत नाही, चित्रही साध्याच कागदावर छापलंय. हाताला काही लागलं नाही. तरी बराच वेळ फिरवत होती.

"घोडा हसतोय का?" म्हणाली.

"हसतोय," म्हटलं. हसत नव्हता.

१८ फेब्रुवारी

डोळ्यांच्या डॉक्टरणीकडे जाऊन आलो. पुतण्यानं फोनवरून नंबर लावला होता. पुतण्या म्हणजे थोरलीचा मुलगा, लांब नोकरीला असतो आणि आईला घाबरतो.

डॉक्टरीण तरुण आहे. बोलणं सरळ. म्हणाली, "मोतीबिंदू पिकलाय. तो काढला की उजेड येईल, रंग येतील. पण मागचा पडदा कसा आहे ते आत्ता दिसत नाही. तो चांगला असेल तर अक्षर येईल. नसेल तर नाही. आणि काढलाच नाही, तर हळूहळू सगळाच अंधार."

थोरलीनं विचारलं, "काढताना बिघडला तर?"

"क्वचित होतं. नाही असं नाही."

घरी आल्यावर थोरली म्हणाली, "मला नको. आहे तो उजेड आहे. एवढाच आहे, पण माझा आहे. तो कुणाच्या हातात द्यायचा नाही."

मी भांडले. ती ऐकून घेत होती. ती ऐकून घेते तेव्हा समजायचं, काही उपयोग नाही.

१९ फेब्रुवारी

पुतण्याचा फोन. "काकू, तुम्हीच समजवा. माझं ऐकत नाही." मी म्हटलं, "बाळा, तुझ्या आईला समजवायचं म्हणजे भिंतीला घोड्यावर बसवायचं."

२० फेब्रुवारी

आज खरं लिहिते. या वहीत खोटं लिहून काय मिळणार!

सकाळी पडदा झटकताना मनात आलं – थोरलीला दिसायला लागलं, तर ती पहिल्यांदा काय करील? ते पुस्तक उघडील. म्हातारी शोधील. आणि म्हातारी कुठेच नाही! एका ओळीत नाही! मग माझी काय शोभा! 'धाकटे, तू मला महिनाभर बनवलंस?' आंधळ्या माणसाची फसवणूक – याहून हलकं काम कुठलं?

आणि क्षणभर, अगदी क्षणभर, वाटलं, राहू दे. नको ऑपरेशन. मी वाचीन, ती ऐकेल, म्हातारी दारात बसेल. छान चाललंय.

मग पडदा इतका जोरात झटकला की एक हुकच तुटला.

२२ फेब्रुवारी

आजची गोष्ट! तीच कामाला आली.

एक लंगड्या घोडीवरची पोर राजसभेत येते आणि एका शिलेदाराला म्हणते, "मला एक वर दे." तो म्हणतो, "काय हवंय?" ती म्हणते, "आधी शब्द दे, मग सांगते." या गोष्टींत ही रीतच आहे. मागणं न ऐकता शब्द द्यायचा. नाही दिला तर कंजूष, आणि दिला की फसला! तोही देतो. ती म्हणते, "वर्षभर कुणाला तुझं नाव सांगायचं नाहीस." झालं! वर्षभर तो लढतो, लोकांना सोडवतो, आणि वाहवा दुसऱ्यांची होते. एका गावात तर त्याच्याच पराक्रमाची गोष्ट त्यालाच ऐकवतात, दुसऱ्याच्या नावानं. आणि तो विचारतो, "मग पुढे काय झालं?"

थोरलीला ही फार आवडली. म्हणाली, "मी जन्मभर पुस्तकं तपासली. एकावरही माझं नाव नाही. पण चूक राहिली नाही ना, ते मला माहीत आहे." आणि मग, "अशाची गोष्ट कुणीतरी मोठ्यानं वाचली पाहिजे." मला जरा भरून आलं. पण भरून आलं की मला खोड्या सुचतात.

मी पुस्तक मिटलं. म्हटलं, "जाऊबाई, समजा मी ती लंगड्या घोडीवरची. मला एक वर द्या."

"काय हवंय?"

"आधी शब्द. रीत आहे."

"चहात साखर वाढवून हवी असेल."

"शब्द द्या."

"अगं दिला बाई, दिला. माग."

"डोळ्याचं ऑपरेशन करून घ्या."

थोरली उठली, भिंतीला हात लावत लावत आपल्या खोलीत गेली. दार लावलं. कडी लागेना. चाचपडत होती. मी उठले नाही. उठले असते तर आणखी चिडली असती. शेवटी लागली कडी.

२३ फेब्रुवारी

अबोला.

२४ फेब्रुवारी

अबोला. ताटलीत जास्त वाढलं तर सरकवली. कमी वाढलं तर मागितलं नाही. मी एकटीच बोलतेय दिवसभर, भांड्यांशी.

पुस्तक टेबलावर. मीही उघडलं नाही. माझ्या एकटीच्या तोंडून म्हातारी येत नाही. ऐकणारं कुणी असलं तरच येते.

२५ फेब्रुवारी

सकाळी चहाच्या वेळी थोरली बाहेर आली. खुर्चीत बसली. म्हणाली, "तो ओढ्यावरचा."

मी म्हटलं, "कोण?"

"ओढ्यावरचा शिलेदार. पूल दिसत होता, तरी उभा राहिला. मूर्ख होता."

"होता."

"पण शब्द म्हणजे शब्द." चहाचा घोट घेतला. "नंबर लाव डॉक्टरणीकडे."

मी रडणार होते. म्हणून म्हटलं, "साखर वाढवू का?"

"थांब. मलाही एक वर हवाय. तुझ्याकडून."

"काय हवंय?"

"आधी शब्द," थोरली म्हणाली. "रीत आहे."

दिला. काय करणार! काय मागेल देव जाणे. "नंतर सांगेन," म्हणाली. अशी बसली होती, महाराणीसारखी, आणि ओठाच्या कोपऱ्यात हसू.

५ मार्च

पुतण्या आलाय. आईच्या चपला हातात घेऊन दवाखान्यात फिरत होता दिवसभर. झालं ऑपरेशन. डोळ्याला पट्टी. थोरली आत जाताना डॉक्टरणीला म्हणाली, "तुम्ही प्रस्तावना नीट वाचलीत ना?" डॉक्टरीण बघतच राहिली. मी हसले, मग कोपऱ्यात जाऊन नाक शिंकरलं.

६ मार्च

पट्टी काढली.

पहिलं वाक्य – "धाकटे! केस किती पिकले गं तुझे!"

दुसरं, घरी आल्यावर, दारातच – "हा भडक नारिंगी पडदा कुणी लावला?"

अगं बाई! तिला सांगितलं होतं, तिचाच जुना तपकिरी लावलाय म्हणून. मला नारिंगी हवा होता! दोन वर्षं सुखानं लोंबत होता. आज पकडला.

दिसतंय तिला! पुतण्या टाळ्या वाजवायला लागला, एवढा घोडा. मीही वाजवल्या.

७ मार्च

पुस्तक. आता पुस्तकाचं काय करू?

११ मार्च

गुपचूप परत करायला गेले. पिशवीत वर कोथिंबीर ठेवली होती, कुणी बघितलं तर. लांब्या म्हणाला, "आजी, एवढ्यात? अर्धंच वाचून झालं असेल. मी मुदत वाढवून देतो की!" मी नको नको म्हणेपर्यंत शिक्का मारलासुद्धा. भलं करायला निघालेल्या माणसापुढे कुणाचं काही चालत नाही.

घरी आले तर थोरली दारात. "पुस्तक कुठे गेलं होतं?"

"फिरायला," म्हटलं.

८ एप्रिल

लिहायला वेळच झाला नाही. घरभर थोरली! भिंत न धरता चालते. ओट्याशी आली की म्हणते, दूध उतू चाललंय. खिडकीत बसून पोरांच्या शर्टांचे रंग सांगते. पेपर मात्र घेत नाही. "काय असतं त्यात," म्हणते. "कालचंच." टोमणा! मुकाट घेतला.

आज शेवटची तपासणी होती. मी बरोबर आत जायला निघाले, तर म्हणाली, "मी काय कुक्कुलं बाळ आहे? बस बाहेर." बराच वेळ आत होती. बाहेर आली ती सावकाश. खांद्यावरच्या पिशवीचा बंद उगाच सारखा केला.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, काम चोख झालंय. चष्मा लावा."

"अक्षर?"

"चष्मा आला की अक्षर," थोरली म्हणाली. आणि मग, इतक्या दिवसांत कधी नव्हे ते, माझा हात धरून रस्ता ओलांडला. मी म्हटलं, "आता तर दिसतंय की." म्हणाली, "म्हणून काय हात धरायचा नाही?"

१७ एप्रिल

चष्मा आला. काळी जाड काडी. हेडमास्तरीण दिसते.

खुर्चीत बसली. पुस्तक मागितलं. मनात म्हटलं, आता माझी म्हातारी मेली.

"तुझ्याकडे माझा एक वर आहे," थोरली म्हणाली.

"आहे."

"आजपासून मी वाचणार. तू ऐकायचं. समोर बसायचं, शेजारी नाही. आणि मध्ये तोंड घालायचं नाही. हूं नाही, चूं नाही. मी काहीही वाचलं तरी."

"एवढंच?"

"तुला एवढंच वाटतंय. तुझ्या जिभेला विचार."

शब्द दिलेला. बसले समोर, पुतण्याच्या विसरलेल्या शर्टाची बटणं लावायला घेऊन.

तिनं सुरू केलं. वाचताना काय आवाज लागतो तिचा! इतकी वर्षं मी ऐकलाच नव्हता. छापखान्यात ती नुसती ऐकणारी होती ना. ओढ्यावरच्या शिलेदाराची गोष्ट पहिल्यापासून. सावकाश, ओळीवर बोट ठेवून. 'शिरस्त्राण' नाही म्हणाली, 'लोखंडी टोपी' म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही. मी ओठ चावून बसले. टोमणा आहे, घे!

१९ एप्रिल

आज गढीच्या दाराची गोष्ट. आला शिलेदार. दार बंद. आता ती थांबणार, टीप वाचणार, 'पान गहाळ आहे', आणि मग चष्म्यावरून माझ्याकडे बघणार.

थोरली थांबली. चष्मा पुसला. आणि वाचायला लागली – "दारावर एक म्हातारी बसली होती. ती म्हणाली, ये. पण इथे तुझ्यासारखे रोज येतात. एवढे राक्षस आहेत तरी कुठे?"

मी तोंड उघडलं. तिनं बोट वर केलं. मिटलं.

म्हातारी बोलतच राहिली. माझ्या म्हातारीपेक्षा जरा कडक. शुद्ध बोलणारी. शिलेदाराला उलटं उभं करून चिलखताचे बंद मोजायला लावले तिनं. मी हसू दाबून दाबून बटण चुकीच्या जागी शिवलं. मध्येच थोरलीनं मुद्दाम, आवाज होईल असं, एक पान उलटलं आणि हळूच परत आणलं.

गोष्ट संपल्यावर म्हणाली, "आता बोल."

"तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्या दिवशी. छापलेलं आणि बोललेलं मला कळत नाही होय गं? जन्म गेला माझा." मग म्हणाली, "पोथीतलं पान गहाळ होतं ना तिथे?"

"होतं."

"मग बरोबर आहे. गहाळ पान कुणीतरी भरायलाच हवं. फक्त समासात खूण करायची असते. ती तू केली नाहीस."

म्हणजे एवढे दिवस तीच माझी मजा बघत होती! चोरावर मोर! मी इतकी हसले की कळ आली बरगडीत. दिसतंय तिला, सगळं दिसतंय, आणि वाचून वर माझ्याच खोड्या मला परत करतेय. देवा, असाच राहू दे तिचा डोळा.

२३ एप्रिल

रोज संध्याकाळी वाचन. दोन भावांची गोष्ट झाली. लोखंडी टोप्या घालून एकमेकांना न ओळखता लढतात. पुस्तकात दोघेही मरतात. मी वाचली होती तेव्हा मीही दोघांना वाचवलं नव्हतं. माझी हिंमत झाली नव्हती. थोरलीच्या वाचण्यात म्हातारी मध्ये पडली. म्हणाली, "टोप्या काढा आधी. आणि काय ते बोला." दोघांनी काढल्या.

आमच्या दोघींच्या नवऱ्यांचं सहा वर्षं बोलणं बंद होतं. कशावरून ते आता आठवतही नाही. तेव्हा दारात अशी कुणी बसलेली नव्हती. आम्ही दोघी होतो, पण आम्ही आपापल्या नवऱ्याच्या बाजूनं.

वाचून झाल्यावर थोरली काही बोलली नाही. मीही नाही. तो शब्दाबाहेरचा अबोला होता, चांगला.

२४ एप्रिल

ग्रंथालयात लांब्याला सांगितलं, आमच्या जाऊबाई स्वतः वाचतात आता. तो म्हणाला, "कशी वाटली आवृत्ती?" मी म्हटलं, "जुनी बरी होती, ही त्याहून बरी आहे." त्याला वाटलं मी पुस्तकाबद्दल बोलतेय.

२७ एप्रिल

आज उठून चहा द्यायला तिच्या खुर्चीमागे गेले. तिनं पान उलटलं आणि तो बुटका घोडा आला. डावीकडे घोडा, उजवं पान कोरं. एक अक्षर नाही.

थोरली वाचत राहिली. बोट ओळीवरून जावं तसं घोड्याच्या पोटावरून गेलं, पायांवरून गेलं, मग कोऱ्या पानावर उतरलं. सावकाश, डावीकडून उजवीकडे. म्हातारीनं शिलेदाराला पाणी दिलं. म्हणाली, "एवढा लांब आलास. आता पुढचं दिसलं नाही तरी चालेल. बस इथे."

कोरं पान पुरं झालं, तेव्हा बरोबर उलटलं तिनं.

मी चहा ठेवला आणि समोर जाऊन बसले. मध्ये बोलले नाही. शब्द दिलाय.